गिरणीच्या बंधाऱ्यामागचा इतिहास

जुन्या कापड गिरणीमागच्या नाल्यावर दगडी बंधारा दिसला की पाण्याच्या धारेवर चाक फिरवून गिरणी चालत असावी, असा समज होतो. विदर्भातले बहुतेक नाले माघ-फाल्गुनात आटतात. त्यांच्या भरवशावर बारमाही चाक फिरवणे शक्यच नव्हते. इथल्या गिरण्या पहिल्यापासून वाफेच्या. बंधारा लागला तो वाफेसाठी.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, पुढच्या दशकात वरोऱ्याला कोळसा निघू लागला आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस दारात, कोळसा जवळ. अडायचे ते पाण्यावर. एम्प्रेस मिलला लागून जुम्मा तलाव होता, हिंगणघाटला वणा नदी, पुलगावला वर्धा. ज्या गिरणीला किंवा जिन-प्रेसला (सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याला) नदी जवळ नव्हती, तिला नाला अडवणे किंवा तळे बांधणे भाग होते.

पाणी किती लागे? ५०० अश्वशक्तीचे त्या काळचे चांगले इंजिन तासाला सुमारे ४,००० किलो वाफ खाई. ती कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या पात्रात, थंड करायला वाफेच्या २५ ते ३० पट पाणी, म्हणजे तासाला लाखभर लिटर. हे पाणी संपत नाही, गरम होऊन तळ्यात परत येते. म्हणून पाणी उचलण्याची जागा एका टोकाला आणि गरम पाणी सोडण्याची मोरी दुसऱ्या टोकाला ठेवावी लागते. दोन्ही जवळ आल्या की गरम पाणीच फिरत राहते, कंडेन्सरमधली निर्वात पोकळी कमी होते आणि कोळसा जास्त जळतो. दहा तासांच्या पाळीत खरोखर उडून जाणारे पाणी साधारण ४०,००० लिटर. मे महिन्यात एक एकर तळ्यावरून ऊनसुद्धा दिवसाला तेवढेच पाणी पिते. उथळ, पसरट तळे इथे टिकत नाही; ऑक्टोबर ते मे दीड मीटरच्या आसपास पाणी नुसते बाष्पीभवनात जाते.

विहीर का नको? काळ्या खडकातले विहिरीचे पाणी बहुधा जड असते. त्याने बॉयलरच्या पत्र्यावर क्षारांचा थर धरतो, पत्रा जास्त तापतो आणि फुगतो. पावसाचे साठवलेले पाणी हलके. फक्त आधी गाळ बसू द्यावा लागतो.

बांधणी साधी होती, पण घाईची नव्हती. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून भिंतीचा पाया मुरमाखालच्या कठीण खडकात नेत. काळा दगड, आणि सांध्यांत चुना व सुरखी (विटांची पूड) घाण्यात मळून केलेला गारा. भिंतीत मध्ये ठेवलेल्या मोकळ्या गाळ्यांत सागवानी फळ्यांच्या दोन रांगा बसवून मध्ये चिकणमाती ठासत. जोराचा पाऊस सरल्यावर, सप्टेंबरअखेर फळ्या घालायच्या आणि मृगाआधी काढायच्या. आधी घातल्या तर पुराचा गाळ आत बसतो, उशीर झाला तर नाल्याची धार निघून जाते. हे वेळापत्रक सांभाळणारा माणूस हाच बंधाऱ्याचा खरा आधार होता.

वीज आली, वाफेची इंजिने मोडीत निघाली, पुढे गिरण्याही आजारी पडल्या. १९७४ च्या कायद्याने देशातल्या अनेक आजारी गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. फळ्यांची जबाबदारी कोणाचीच उरली नाही की फळ्या कुजतात, गाळे दगड-मातीने बुजतात, पूर भिंतीच्या बाजूने वाट काढतो आणि काठ खचतो. वर पिंपळ उगवतो, त्याची मुळे चुन्यात शिरतात.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत असा बंधारा उपसायला घेतला तर एक गोष्ट सांभाळावीच लागते. भिंतीच्या पाण्याकडच्या पायथ्याशी बसलेला चिकण गाळ पायातली गळती बंद ठेवतो. तिथे पोकलेनचा दात लागला तर पुढच्या पावसाळ्यात पाणी भिंतीखालून माती घेऊन निघते. ते खालच्या बाजूला गढूळ झऱ्यासारखे दिसते, आणि तोवर पाया पोकळ झालेला असतो. म्हणून भिंतीलगतचा पाच-सात मीटरचा पट्टा सोडावा, उपसा वरच्या अंगाला करावा, पिंपळ न उपटता बुंध्याशी कापून मारावा आणि सांधे सिमेंटऐवजी चुन्यानेच भरावेत. कडक सिमेंट जुन्या चुन्यापासून सुटते आणि त्या फटीत पाणी शिरते.