आघाती झोत : प्रवाह व उष्णता संक्रमणाचे संगणकीय सिम्युलेशन

तोटीतून सुटलेला हवेचा किंवा द्रवाचा झोत समोरच्या पृष्ठावर आदळवून ते थंड वा गरम करतात, तेव्हा त्याला आघाती झोत म्हणतात. गाडीच्या काचा कडक करणे, कागद वाळवणे, पोलादी पत्रे गार करणे, गॅस टर्बाइनची पाती आतून थंड ठेवणे, ही त्याची नेहमीची कामे. झोत आदळतो तिथे सीमास्तर, म्हणजे पृष्ठालगतचा मंदावलेला थर, अगदी पातळ राहतो, म्हणून उष्णता भराभर निघते. कुठे किती निघेल, हे प्रवाहाची समीकरणे संगणकावर सोडवून काढता येते.

एक नळी आणि एक सपाट पत्रा, एवढीच भूमिती. तरीही संक्षोभाच्या, म्हणजे प्रवाहातल्या अस्ताव्यस्त खळबळीच्या, प्रतिमानांची (तिचा अंदाज बांधणाऱ्या गणितांची) इथे चांगलीच फजिती होते. पडताळणीसाठी बहुधा रेनल्ड्स अंक (प्रवाहाच्या जडत्वाचे त्याच्या चिकटपणाशी प्रमाण) २३,००० आणि तोटीपासून पत्र्याचे अंतर व्यासाच्या दुप्पट, ही स्थिती घेतात. प्रयोगात उष्णता संक्रमण मध्याजवळ सर्वाधिक असते, बाहेर जाताना घटते आणि मध्यापासून सुमारे दोन व्यासांवर पुन्हा वर येते. प्रतिमानाची खरी परीक्षा या दुसऱ्या उंचवट्यावर होते. प्रचलित के-एप्सिलॉन प्रतिमान मध्यावरची उष्णता फार जास्त दाखवते, आणि दुसरा उंचवटा बहुधा त्याच्या हाती लागत नाही. आघातबिंदूपाशी प्रवाह घासत जाण्याऐवजी दाबला व ताणला जातो. तिथे हे प्रतिमान संक्षोभाची ऊर्जा भरमसाट निर्माण करते. शिवाय भिंतीला लंब दिशेची चंचलता भिंत दाबून टाकते, याचा त्याला पत्ता नसतो. डर्बिन यांचे १९९१ चे व्ही-स्क्वेअर-एफ आणि मेंटर यांचे १९९४ चे एसएसटी प्रतिमान इथे बरेच सरस ठरतात.

गणितासाठी प्रवाहाची जागा ज्या छोट्या कप्प्यांत विभागतात, त्या जाळीत कंजुषी चालत नाही. एक सेंटिमीटर व्यासाच्या तोटीतून हवेला वरील रेनल्ड्स अंक गाठायला सेकंदाला सुमारे ३५ मीटर वेग लागतो. अशा वेळी भिंतीलगतचा पहिला कप्पा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा ठेवावा लागतो. त्याहून जाड कप्प्यांची रंगीत चित्रे सुबक दिसतात, पण आकड्यांवर भरवसा ठेवू नये. मोठे भोवरे थेट सोडवणारी गणिते खर्चिक असली, तरी झोताच्या कडेला जन्मलेली भोवऱ्यांची कडी भिंतीवरून बाहेर सरकताना त्यांत दिसतात आणि दुसऱ्या उंचवट्याचा उलगडा होऊ लागतो.

वेग व दाब यांची सांगड घालणारी ‘सिम्पल’ पद्धत सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पॉल्डिंग यांनी १९७२ मध्ये मांडली. पाटणकर हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर. या पद्धतीची सुधारित रूपे आजच्या अनेक सॉफ्टवेअरांत आहेत.

कारखान्यात मात्र झोत एकटा नसतो. आधीच्या झोतांची वापरलेली हवा आडवी वाहत पुढच्या झोतांना वाकवते, त्यामुळे एका झोतावर पारखलेले प्रतिमान झोतांच्या रांगेसाठी पुन्हा तपासावे लागते.