मोचेंच्या मातीतली माणसं

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या वाळवंटी उत्तर किनाऱ्यावर, आत्ताच्या त्रुहियो शहराजवळ, इसवी सनाच्या साधारण १०० ते ८०० या काळात मोचे लोक राहायचे. लिपी नव्हती, कुंभाराचं चाक नव्हतं, पण मातीच्या भांड्यांत माणसाचा चेहरा असा उतरवायचे की बघत राहावं. एका माणसाच्या वरच्या ओठावर व्रण आहे, आणि तो व्रण क्रिस्टोफर डॉनन या अमेरिकन संशोधकाला चाळीसहून जास्त भांड्यांवर सापडला, कुठे तो पोरगा आहे, कुठे तरणाबांड, कुठे तिशी ओलांडलेला. दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस आपल्यासमोर मोठा होतो हो!

हे सगळं साच्यावर चालायचं. आधी मातीचा नमुना, त्यावरून दोन भागांचा साचा, तो भाजून पक्का करायचा. मग ओली माती अंगठ्याने एकेका अर्ध्यात दाबायची, दोन्ही अर्धे जोडायचे, सांधा बाहेरून घासून गुळगुळीत करायचा, वर रिकिबीसारखी वळलेली पोकळ नळी बसवायची आणि पांढुरका नि तांबडा हात देऊन भट्टीत. भट्टीत ५००-६०० अंशांच्या पुढे मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि मग ती माती परत कधी चिखल होत नाही. शाडूचा गणपती पाण्यात विरघळतो कारण तो भाजलेलाच नसतो.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त हलवून टाकणारी गोष्ट येते. तिथल्या वाका दे ला लुना, म्हणजे चंद्राच्या देवळात, १९९५ मध्ये स्टीव्ह बुर्जे या पुरातत्त्वज्ञांना बळी दिलेल्या सत्तरहून जास्त पुरुषांचे सांगाडे मिळाले, बरेचसे एल निन्योच्या (समुद्र तापतो आणि आपल्याकडे पाऊस ओढ देतो, पण त्या किनाऱ्यावर कोसळतो) मुसळधार पावसाने झालेल्या चिखलाच्या थरांत. त्यांच्यासोबत मातीच्या मूर्ती होत्या, नागड्या कैद्यांच्या, मांडी घालून बसलेल्या, गळ्यात दोर, आणि मुद्दाम फोडलेल्या. सगळ्या कच्च्या! भाजता येत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही, एवढी अफाट भांडी हेच लोक भाजत होते. मला तरी वाटतं की त्या मूर्तींनी चिखलात परत मिसळून जावं अशीच इच्छा असणार, माणसांबरोबर त्यांच्या प्रतिमाही गेल्या पाहिजेत. पाऊस थांबला, वाळवंट पुन्हा कोरडं पडलं म्हणून त्या आपल्यापर्यंत टिकल्या.

आणि कुंभारांची कामाची जागा लांब नव्हतीच, ती त्याच देवळासमोरच्या वस्तीत सापडली आहे.