कंत्राटी की कायम? आयटीतल्या वादाची पार्श्वभूमी

आयटीत ‘मी कॉन्ट्रॅक्टवर आहे’ असं सांगणारी तीन माणसं तीन अगदी वेगळ्या परिस्थितींत असू शकतात. एकजण स्वतःच्या नावाने किंवा स्वतःच्या छोट्या कंपनीतर्फे बिल पाठवतो. दुसरा एजन्सीच्या पेरोलवर, म्हणजे पगारपत्रकावर, असतो आणि काम क्लायंटकडे करतो. तिसऱ्याला कंपनीनेच नेमलेलं असतं, फक्त नेमणूकपत्रावर शेवटची तारीख छापलेली असते. आजारपणाचा दिवस कोणाच्या खिशातून जाणार, दोन कामांच्या मधला रिकामा महिना कोण सोसणार, काढून टाकलं तर दाद कोणाकडे मागायची, या प्रश्नांची उत्तरं तिघांची तीन. तरीही ‘कॉन्ट्रॅक्ट चांगलं की पर्मनंट’ ही चर्चा तिघांना एकाच पारड्यात टाकून होते. या गोंधळाचं मूळ जुनं आहे. कंत्राटी कोण आणि कर्मचारी कोण, ही रेघ गेल्या चाळीस वर्षांत मुख्यतः करखात्यांनी कर वसुलीसाठी ओढली. माणसाची नोकरी किती टिकेल, हा विचार त्यात जवळजवळ नव्हताच.

अगदी आरंभीचा काळ थोडक्यात. १९६२ साली ब्रिटनमध्ये एका महिलेने फ्रीलान्स प्रोग्रॅमर स्त्रियांची कंपनी काढली. मुलंबाळं सांभाळत घरून काम करणाऱ्या या स्त्रियांनी काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्ससाठीही प्रोग्रॅम लिहिले. जून १९६९ मध्ये अमेरिकेतल्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या संगणक कंपनीने सॉफ्टवेअर आणि सेवा यंत्राच्या किमतीतून वेगळ्या काढून स्वतंत्र विकायचं जाहीर केलं. प्रोग्रॅमरचा वेळ यंत्रापासून सुटा विकता येतो, हे त्यानंतर सगळ्या बाजाराला कळलं.

खरी गाठ पडली १९८६ मध्ये. त्याआधी १९७८ च्या एका अमेरिकी कायद्याने कंपन्यांना ढाल दिली होती: एखाद्याला तुम्ही सातत्याने स्वतंत्र कंत्राटदार मानत आला असाल आणि त्याला वाजवी आधार असेल, तर करखातं मागाहून त्याला कर्मचारी ठरवून तुमच्याकडे थकबाकी मागणार नाही. १९८६ च्या करसुधारणेतल्या कलम १७०६ ने ही ढाल इंजिनिअर, डिझायनर, ड्राफ्ट्समन, प्रोग्रॅमर, सिस्टिम्स ॲनालिस्ट आणि तशाच तांत्रिक कामवाल्यांपुरती काढून घेतली, आणि तीही मध्ये एजन्सी असेल तेव्हाच. बाकीच्या व्यवसायांची ढाल शाबूत राहिली. एजन्सींनी काढलेला अर्थ सरळ होता: जोखीम नको, आमच्या पेरोलवर या. स्वतःचा व्यवसाय म्हणून काम करणारे असंख्य प्रोग्रॅमर असे दुसऱ्या प्रकारात ढकलले गेले. पुढच्याच वर्षी करखात्याने कर्मचारी ओळखायच्या वीस कसोट्यांची यादी काढली. कामाचे तास कोण ठरवतं, हत्यारं कोणाची, पैसे तासावर की कामावर, हाताखाली मदतनीस नेमता येतो का, अशा त्या कसोट्या. किती पूर्ण झाल्या म्हणजे माणूस कर्मचारी, याचा आकडा मात्र कुठेच नव्हता.

याच कसोट्या लावून १९८९-९० मध्ये करखात्याने वॉशिंग्टन राज्यातल्या एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीची तपासणी केली. तिथे शेकडो फ्रीलान्सर कायम कर्मचाऱ्यांच्या टीममध्ये, त्यांच्याच साहेबांच्या हाताखाली, तीच कामं वर्षानुवर्षं करत होते. फरक बाहेरच्या खुणांचा होता. बॅजचा रंग वेगळा, ईमेल पत्त्याची ठेवण वेगळी, कंपनीच्या समारंभांना आमंत्रण नाही. पगाराची स्लिप तर नव्हतीच. ते महिन्याचं इन्व्हॉइस बनवून पाठवत आणि ते जाई जिथे पुरवठादारांची बिलं चुकती होतात त्या विभागात. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा पगार पेरोलमधून निघे आणि यांचा कागद खुर्च्या-टेबलं विकणाऱ्यांच्या बिलांच्या ढिगात पडे. हा तपशील पुढे न्यायालयाच्या निकालात आला आहे आणि मला तो सगळ्या कलमांपेक्षा बोलका वाटतो.

करखात्याने ठरवलं, हे कर्मचारीच. कंपनीने ते मान्य केलं, थकबाकी भरली, काहींना कायम केलं आणि बाकीच्यांना बरेचदा एकाच एजन्सीमार्फत परत यायला सांगितलं. ‘कायमचे तात्पुरते’ या अर्थाचा ‘परमाटेम्प’ हा शब्द रूढ झाला तो यांच्यामुळे. १९९२ मध्ये आठजण न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं की, करासाठी आम्ही कर्मचारी असू, तर सवलतीत शेअर घ्यायच्या योजनेसाठीही कर्मचारीच.

वाद इथे आहे आणि तो अजून मिटलेला नाही. या लोकांनी सही केलेल्या करारात स्पष्ट लिहिलं होतं की ते स्वतंत्र कंत्राटदार आहेत आणि कर, विमा, लाभ यांची जबाबदारी त्यांची स्वतःची. शिवाय तासाचा दर कायम कर्मचाऱ्यांपेक्षा चढा होता. शिकलेल्या माणसांनी वाचून सही केली, जास्त पैसे घेतले आणि आता शेअरही मागतात, हा कंपनीच्या बाजूचा मुद्दा वजनदार आहे. पण १९९६ आणि १९९७ च्या निकालांत अपील न्यायालय म्हणालं की कागदावरच्या लेबलाने काम करणारा कोण आहे ते बदलत नाही. काम कोणाच्या हुकमाने चालतं, हे पाहायचं. मला हे बरोबर वाटतं. ज्या सहीशिवाय कामच मिळत नाही, ती सही दोन बरोबरीच्या पक्षांमधली मानता येत नाही. डिसेंबर २००० मध्ये सुमारे ९.७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

जिंकणाऱ्यांच्या मागून आलेल्यांच्या वाट्याला मात्र वेगळंच आलं. त्याच वर्षी कंपनीने नियम केला: एजन्सीच्या माणसाने सलग ३६५ दिवस काम केलं की १०० दिवस बाहेर राहायचं. माणूस कर्मचाऱ्यासारखा दिसू नये, यासाठी ही भिंत. आपण लिहिलेला कोड अर्धवट सोडायचा, तीन महिन्यांहून जास्त काळ तिथली कमाई बंद ठेवायची आणि मग परत येण्याची आशा धरायची. २०१४ मध्ये ही मुदत १८ महिने काम आणि ६ महिने सुट्टी अशी झाली. कंत्राटी लोकांशी अंतर ठेवून वागण्याच्या अनेक कंपन्यांच्या रीती, म्हणजे वेगळा बॅज, टीमच्या सहलीत नाव नाही, ठरावीक दिवशी लॉगिन बंद, या अशाच खटल्यांच्या धास्तीतून पक्क्या झाल्या.

ही पद्धत किती फोफावली, ते मार्च २०१९ च्या एका आकड्यातून दिसतं. एका प्रसिद्ध सर्च कंपनीत तेव्हा सुमारे १,०२,००० कायम कर्मचारी होते आणि १,२१,००० तात्पुरते व कंत्राटी, अशी बातमी होती. दुसऱ्या बाजूला जानेवारी २०२३ मध्ये याच कंपनीने सुमारे १२,००० आणि वर सांगितलेल्या सॉफ्टवेअर कंपनीने १०,००० नोकऱ्या कमी करायचं एकाच आठवड्यात जाहीर केलं. ‘पर्मनंट’ या शब्दाचा आधार केवढा, हे त्या आठवड्यात पुष्कळांनी पाहिलं.

तासाच्या दराची तुलना हीसुद्धा याच इतिहासाची देणगी. चढा दर म्हणजे जास्त कमाई, हा हिशेब अर्धवट आहे. वर्षात कामाचे दिवस साधारण २६०. कायम माणसाला त्या सगळ्यांचा पगार मिळतो. कंत्राटी माणसाच्या हिशेबातून दोन कामांमधला महिना म्हणजे २२ दिवस, सणवाराचे १०, रजेचे १० आणि आजारपणाचे ५ वजा करा. उरले २१३. म्हणजे नुसती बरोबरी साधायलाच दर साधारण २२ टक्के जास्त हवा, आणि विमा, निवृत्तीची तजवीज यात अजून धरलेलीच नाही. कायम नोकरीत रिकामा वेळ कंपनी ‘बेंच’ म्हणून सोसते. अमेरिकेने १९९८ मध्ये एच-१बी व्हिसावरच्या लोकांना बेंचवर बिनपगारी बसवायला बंदी घातली, ती हा भार माणसावर ढकलला जात होता म्हणूनच.

ब्रिटनची वाट वेगळी, पण मेख तीच. मार्च १९९९ मध्ये तिथल्या करखात्याने ३५ क्रमांकाचं प्रसिद्धिपत्रक काढलं, म्हणून नियमाला नाव पडलं आयआर३५. रोख अशा माणसावर होता, जो शुक्रवारी नोकरी सोडतो आणि सोमवारी स्वतःच्या कंपनीतर्फे त्याच टेबलावर परत येतो. त्याच्याकडून कर्मचाऱ्यासारखाच कर घ्यायचा, असा हा नियम. नियम एप्रिल २००० पासून लागू झाला. कर्मचारी कोण, हे ठरवायला आधार घेतला गेला १९६० च्या दशकातल्या, काँक्रीट वाहणाऱ्या ट्रकच्या चालकाबाबतच्या निकालाचा. तो चालक कर्मचारी नाही असं ठरलं. तो आपल्याऐवजी दुसरा चालक पाठवू शकत होता, हा त्यातला कळीचा मुद्दा. मग प्रोग्रॅमरांच्या करारांतही ‘माझ्या जागी दुसरा पाठवण्याचा हक्क’ हे कलम हौसेने घातलं जाऊ लागलं. प्रत्यक्षात कुठली बँक आपल्या सर्व्हरचा पासवर्ड अनोळखी बदली माणसाच्या हाती देईल?

२०१७ मध्ये सरकारी क्षेत्रात आणि, करोनामुळे एक वर्ष लांबून, ६ एप्रिल २०२१ पासून मोठ्या व मध्यम खासगी कंपन्यांत, कर्मचारी कोण हे ठरवायची जबाबदारी कंत्राटदाराकडून क्लायंटकडे गेली. एकेकाचं प्रकरण तपासत बसण्यापेक्षा अनेक मोठ्या क्लायंटनी स्वतःच्या कंपनीतर्फे येणाऱ्यांना सरसकट दार बंद केलं. बरेचजण अंब्रेला कंपन्यांच्या, म्हणजे कंत्राटी माणसाला कागदोपत्री आपला कर्मचारी करून घेणाऱ्या मधल्या कंपन्यांच्या, पेरोलवर गेले. तिथे कर कर्मचाऱ्यासारखा कापला जातो, मालकाने भरायचा विम्याचा हप्ताही ठरलेल्या दरातूनच वळता होतो आणि काम संपलं की क्लायंटशी संबंध संपतो. २३ सप्टेंबर २०२२ ला सरकारने २०१७ आणि २०२१ चे बदल रद्द करत असल्याचं जाहीर केलं. १७ ऑक्टोबरला ती घोषणाच मागे घेतली. चोवीस दिवसांत पुन्हा स्वतःची कंपनी चालू करायचे बेत आखलेले लोक होते तिथेच, अंब्रेलाच्या पेरोलवर राहिले.