मेफेड्रोनचा संशय आणि रक्ताची साक्ष

मार्च २०१० मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पला १८ आणि १९ वर्षांचे दोन मित्र दगावले. मेफेड्रोन हे उत्तेजक अमली द्रव्य घेतल्याचा संशय पोलिसांनी बोलून दाखवला आणि वर्तमानपत्रांनी तो निष्कर्ष असल्यासारखा छापला. १६ एप्रिलला ब्रिटनमध्ये या पदार्थावर बंदी आली. रक्ततपासणीचे निकाल मेअखेरीस बाहेर आले: दोघांच्याही शरीरात मेफेड्रोन नव्हतं. सापडलं ते मेथाडोन. ते अफूच्या कुळातलं, श्वास मंदावणारं, म्हणजे उत्तेजकाच्या अगदी उलट काम करणारं.

बंदी चुकीची होती असं मुळीच नाही. मेफेड्रोन जीव घेतं. मुंबई-पुण्यात ‘एमडी’ म्हणून पकडलं जातं ते हेच, आणि आपल्याकडे २०१५ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. पण ‘व्हिसेरा (मृताच्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला आहे’ या बातमीतल्या वाक्यानंतर प्रयोगशाळेत काय घडतं, ते समजून घ्यायला हवं.

झटपट चाचण्या जुन्या, ओळखीच्या अमली पदार्थांसाठी बनवलेल्या असतात; नवं रसायन त्यांच्या हातून सहज निसटतं. मास स्पेक्ट्रोमीटर रेणूचं आणि त्याच्या तुकड्यांचं वजन मोजतो. पण मेफेड्रोनमधला एक मिथाइल गट, म्हणजे अणूंचा छोटा पुंजका, शेजारच्या जागी सरकवला की ३-एमएमसी हे वेगळं द्रव्य तयार होतं आणि वजन तेच राहतं. म्हणून आधी क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं सुटी करणाऱ्या पद्धतीने, दोघांना वेगळं करावं लागतं, तेही त्या द्रव्याचा शुद्ध नमुना तुलनेला ठेवून. तो नमुना प्रयोगशाळेकडे नसेल तर ओळख पक्की होत नाही.

त्यात मेफेड्रोन साठवलेल्या रक्तातही विघटत राहतं. सोडियम फ्लोराइड हे परिरक्षक घालून रक्ताचा नमुना गोठवला तर हा वेग कमी होतो. उबेत पडून राहिला तर ‘आढळलं नाही’ या शेऱ्यावर विसंबता येत नाही. मृत्यूनंतर अवयवांतून औषधं हृदयाजवळच्या रक्तात झिरपतात आणि आकडा फुगतो, त्यामुळे रक्त शक्यतो मांडीच्या शिरेतून घेतात.

एवढं करून हाती आलेला आकडाही एकटा पुरत नाही. जिवंत राहिलेल्यांच्या आणि मेलेल्यांच्या रक्तातली प्रमाणं एकमेकांत मिसळलेली दिसतात. माझ्या मते इथे सर्वांत मोलाची, आणि सर्वांत जास्त हुकणारी, गोष्ट म्हणजे रुग्णालयात आणताना नोंदवलेलं शरीराचं तापमान. ही उत्तेजकं ताप भयंकर चढवतात, आणि शवविच्छेदनात त्याची खात्रीची खूण मिळेलच असं नसतं.

स्टॉकहोममध्ये २००८ साली १८ वर्षांची एक मुलगी गेली. तिच्या रक्तातलं सोडियम उतरलं होतं, मेंदूला सूज होती आणि तपासणीत मेफेड्रोनखेरीज दुसरं कुठलंही अमली द्रव्य निघालं नाही. इतकं सगळं जुळलं, तेव्हा कुठे तिच्या मृत्यूशी मेफेड्रोनचं नाव जोडता आलं.