पॉझिक्सचे भाषा-बायंडिंग मानक करून घ्यायचे आहे? पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज कुठे अडतो

नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून एक प्रश्न वारंवार येतो: आमच्या भाषेसाठी पॉझिक्सचे बायंडिंग लिहिले आहे, ते मानक कसे करून घ्यायचे? (पॉझिक्स म्हणजे युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून प्रोग्रामने सेवा कशा मागायच्या याचे मानक; बायंडिंग म्हणजे त्या सेवा एखाद्या प्रोग्रामिंग भाषेतून वापरता याव्यात म्हणून लिहिलेला दुवा.) कोड बहुतेकांचा चांगला असतो. तरी प्रस्ताव परत येतो, आणि कारणे तीच ती असतात.

सगळ्यात आधी, दार चुकू नका. पॉझिक्सचा मूळ मजकूर ऑस्टिन ग्रुप नावाचा कार्यगट सांभाळतो. त्याची २०२४ ची आवृत्ती आली आहे. तिथे सहभागी व्हायला फी नाही, पदवीही कुणी विचारत नाही. पण त्या मानकातली फंक्शने सी भाषेतली आहेत. रस्टसारख्या दुसऱ्या भाषेचे बायंडिंग तिथे नेऊन उपयोग नाही. मूळ मजकुरात चूक किंवा संदिग्धता सापडली असेल, तरच तिकडे जा. फॉर्ममध्ये पान क्रमांक, ओळ क्रमांक आणि नेमका कोणता बदल हवा, असे रकाने असतात. शेवटच्या रकान्यात आपली मुले 'हे स्पष्ट करावे' एवढेच लिहून मोकळी होतात. तसे करू नका. जुने वाक्य आणि त्याजागी हवे असलेले नवे वाक्य, दोन्ही शब्दशः द्या.

स्वतंत्र बायंडिंगसाठी आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेकडे प्रकल्प-मंजुरीचा अर्ज, म्हणजे पीएआर, लागतो. तो एकट्या माणसाला दाखल करता येत नाही. एखाद्या मानक समितीने तो पुरस्कृत करावा लागतो. जवळजवळ कुणाकडेच नसते ते हेच पाठबळ. समिती विचारते की हे बायंडिंग आज कोण वापरते, आणि दुसऱ्या कुणी ते स्वतंत्रपणे लिहिले आहे का. मागच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टवर या प्रश्नांना उत्तर देता येत नाही. आधी वापरणारे जोडा, मग अर्ज करा.

पीएआरमधला कार्यकक्षेचा परिच्छेद लिहिण्यापूर्वी १९९२ ची दोन बायंडिंग-मानके वाचाच: अडा भाषेसाठी १००३.५ आणि फॉरट्रान ७७ साठी १००३.९. फॉरट्रानवाल्यांनी सीच्या मानकाकडे बोट दाखवत पातळ आवरण ठेवले: पीएक्सएफफोर्कसारखी नावे, आणि शेवटी त्रुटी-क्रमांकाचा एक आर्ग्युमेंट. अडावाल्यांनी सगळे आपल्या भाषेत नव्याने मांडले. सीमध्ये उणे एक परत येते आणि एररनो (त्रुटीचा क्रमांक ठेवणारे चल) तपासावा लागतो, तिथे अडात एक्सेप्शन उठते. नवी प्रक्रिया सुरू करणारे फोर्क तर त्यांनी 'अनसेफ' असे नावातच लिहिलेल्या वेगळ्या पॅकेजात ठेवले, कारण अडाच्या टास्कशी, म्हणजे एकाच प्रोग्रामात समांतर चालणाऱ्या कामांशी, त्याचे जमत नाही. तुमचे बायंडिंग यातल्या कोणत्या जातीचे, हे पहिल्याच वाक्यात सांगा. सीची यादी उचलून नावे बदलली की झाले, असा समज असेल तर तो इथेच सोडा.

मुदतीबद्दल हमखास गैरसमज होतो. पीएआर ज्या वर्षी मंजूर होतो, त्यानंतरच्या चौथ्या वर्षी ३१ डिसेंबरला संपतो. ही मुदत मसुदा लिहिण्याची नव्हे; मतदान, हरकतींची उत्तरे आणि अंतिम मंजुरी सगळे त्यातच उरकावे लागते. मतदानात किमान ७५ टक्के मतपत्रिका परत आल्या पाहिजेत आणि हो-नाही मतांपैकी ७५ टक्के हो हवेत. नुसते गप्प बसलेले मतदारही मसुदा पाडू शकतात, म्हणून पाठपुरावा करा. मत द्यायला आयईईईच्या मानक विभागाचे सदस्यत्व किंवा त्या मतदानापुरती फी लागते.

तेच पुढे आयएसओ या जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेकडे न्यायचे तर भारताचे मत बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्यूरो, देते. तुम्ही थेट जिनिव्हाला लिहिलेल्या पत्राला तिथे अर्थ नाही. बीआयएसच्या समितीवर जायला तुमच्या संस्थेचे नामनिर्देशन-पत्र हवे, आणि आपल्याकडे महिने जातात ते याच एका कागदात. 'याचा अभ्यासक्रमाशी काय संबंध?' असे विचारून फाइल बाजूला ठेवणारे कार्यालय पाहिले की संताप येतो, पण त्यावर उपाय एकच: पत्राचा मसुदा तुम्हीच टाइप करून न्या, विभागप्रमुखांची शिफारस आधी जोडा आणि उन्हाळी परीक्षा सुरू होण्यापूर्वी सही-शिक्का घेऊन ठेवा.