पावसाळ्यात घरात मिरची: दिव्याखाली पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

मृग लागला की बेळगाव आणि खानापूर भागात ऊन दिसेनासं होतं. शहापूर, टिळकवाडी, वडगावातल्या गच्च्यांवर मे महिन्यात डोलणाऱ्या कुंड्या जुलैत पिवळ्या पडतात. त्या वेळी बरेच ग्राहक दुकानात येऊन खत मागतात. आम्ही बहुतेकांना खत न देता परत पाठवतो, कारण त्या रोपाला भूक नसते, उजेड हवा असतो. अन्न तयार करायला उजेडच नसेल तर खत मुळांशी साचतं आणि मुळं जाळतं. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी दिव्यावर करा, खताच्या बाटल्या नंतर बघू. बाकीचं सगळं पत्रक याच एका गोष्टीभोवती आहे.

पहिल्या वेळी मिरचीच का

झाडाला फूल केव्हा येतं, हे प्रत्येक जातीचं वेगळं असतं. अमेरिकेत मेरीलँड मॅमथ नावाची तंबाखूची एक जात होती. उन्हाळ्यात ती नुसती उंच वाढत राहायची, फुलायची नाही. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी तिच्यावर प्रयोग करून १९२० साली दाखवून दिलं, की दिवस लहान होऊन रात्र लांबल्याशिवाय ती फुलतच नाही. तंबाखूवर पोसलेल्या निपाणी भागातल्या लोकांना ही माहिती मुद्दाम सांगावीशी वाटते. आपली शेवंतीही त्याच स्वभावाची, रात्र मोठी झाली की कळी धरणारी. अशा झाडाला घरात दिव्याखाली वाढवायचं तर रोज ठरल्या वेळी मिट्ट अंधार द्यावा लागतो. रात्री कुणी खोलीतला दिवा लावला तरी कळी धरणं लांबणीवर पडतं.

मिरची आणि टोमॅटोचं तसं नाही. ही झाडं दिवसाची लांबी मोजत बसत नाहीत. वय झालं, पुरेशी पानं आली की फुलतात. लाईट दोन तास गेली, टायमर चुकला, पाहुणे आले म्हणून रात्री खोलीत उजेड राहिला, तरी फुलण्याचं वेळापत्रक बिघडत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या विजेचा भरवसा लक्षात घेता, नवख्या माणसाने याच गटातलं झाड निवडावं.

‘ऑटो’ बियांबद्दल

इंटरनेटवर बघून ‘ऑटो’ बी मिळेल का, असं विचारणारे, विशेषतः तरुण ग्राहक, हल्ली वाढले आहेत. हे बी गांजाच्या झाडाचं असतं. नेहमीचा गांजा शेवंतीसारखा रात्र लांबली की फुलतो. रुडेरॅलिस या थंड प्रदेशातल्या प्रकाराशी संकर करून काढलेल्या जाती मात्र वयावर फुलतात, म्हणून त्यांना हे नाव. शास्त्र म्हणून हे रंजक आहे, पण आपल्या देशात परवान्याशिवाय गांजाचं एकही झाड लावणं गुन्हा आहे. एनडीपीएस कायदा (अमली पदार्थांविरुद्धचा कायदा), १९८५ च्या कलम ८ प्रमाणे लागवडीला बंदी आहे आणि कलम २० प्रमाणे १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाड शेतात आहे की खोलीत, एक आहे की शंभर, याने गुन्हा पुसला जात नाही. आम्ही असं बी ठेवत नाही, मागवून देत नाही आणि त्या झाडाबद्दल सल्लाही देत नाही. ऐकीव गोष्टींवर विसंबून आपल्या गावातल्या पोराचं आयुष्य कोर्टकचेरीत जावं, असं आम्हाला वाटत नाही. वयावर फुलणारं झाड वाढवण्याची हौस मिरचीवर पुरेपूर भागते, आणि ती घरी खाताही येते.

बी कोणतं घ्यावं

संकेश्वरीचा मोह सगळ्यांना होतो. रंगाला आणि वासाला ती चांगलीच, पण तिचं झाड उंच जातं, मिरची वीतभर लांब होते. ती माळावरची, पावसाच्या पाण्यावरची मिरची आहे, घरातल्या रॅकवर आवरत नाही. पुसा ज्वालासारखी बुटकी, पसरट जात घ्या. स्वयंपाकघरातल्या वाळल्या मिरचीतलं बीही उगवतं, फक्त मिरची संकरित वाणाची असेल तर येणारं झाड तसंच निघेल याची खात्री नसते.

बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल टाका. खोली २५ ते ३० अंश उबदार असेल तर आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. डिसेंबरात आपल्याकडे रात्री गार असतात, तेव्हा दोन-तीन आठवडेही लागतात. ट्रे फ्रिजच्या माथ्यावर ठेवला तर ती ऊब पुरते. कोंब वर येताना कधी बियाचं टरफल पानांच्या टोकाला टोपीसारखं अडकून राहतं. ते नखाने ओढू नका, कोवळी पानं सोबत तुटतात. बोटाने पाण्याचा एक थेंब त्यावर ठेवा, तासाभरात ते मऊ होऊन बहुधा आपोआप गळतं.

मेच्या शेवटी बी टाकलं तर ऑगस्टच्या सुमारास फुलं आणि गणपती-दसऱ्याच्या दरम्यान हिरवी मिरची, असा साधारण हिशोब धरा. जातीप्रमाणे दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होतात.

दिवा

सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. खोक्यावर ‘१००० वॅट’ लिहिलेला दिवा प्रत्यक्षात पन्नास-साठ वॅटच ओढतो, असं बऱ्याचदा असतं. झाडाला उपयोगी पडतो तो प्रत्यक्षात ओढलेल्या विजेतून निघणारा उजेड, खोक्यावरचा आकडा नाही. आमच्याकडे विजेचा वापर दाखवणारा छोटा मीटर काउंटरवरच ठेवला आहे. कोणताही दिवा घेण्याआधी त्यात लावून बघा. दुसरीकडून घेतलेला असला तरी आणा, मोजून देऊ.

दोन फूट बाय दोन फूट रॅकवर तीन-चार मिरच्यांसाठी खरोखर ६० वॅट ओढणारा चांगला एलईडी पुरतो. पांढऱ्या उजेडाचा घ्या. जांभळ्या दिव्याखालीही झाड वाढतं, पण त्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे हेच कळत नाही, आणि कीड दिसेपर्यंत ती सगळीकडे पसरलेली असते.

तरू, म्हणजे कोवळं रोप, लहान असताना दिवा शेंड्यापासून साधारण दीड फूट वर ठेवा, मोठं झाल्यावर फूटभर. हाताचा पंजा शेंड्याच्या उंचीवर अर्धा मिनिट धरा. चटका जाणवला तर दिवा वर घ्या. रोप लांबट, दोऱ्यासारखं बारीक होऊन एका बाजूला कलत असेल तर दिवा लांब आहे किंवा कमी आहे. शेंड्याची पानं वर वळून कडा पांढुरक्या होत असतील तर तो फार जवळ आला.

रोज १४ ते १६ तास पुरे. पहाटे पाच ते रात्री नऊ असा टायमर लावून ठेवा. चोवीस तास दिवा ठेवला तर दुप्पट वाढेल असं समजू नका. सततच्या उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडून खराब होतात, मिरचीलाही रात्रीचा अंधार द्या.

बिलाचं म्हणाल तर ६० वॅटचा दिवा १६ तास म्हणजे दिवसाला जवळजवळ एक युनिट, महिन्याला सुमारे २९ युनिट. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचा लाभ घेणाऱ्यांनी हे नीट बघा. प्रत्येक मीटरला मोफत युनिटची ठरवून दिलेली मर्यादा असते. तिच्यावरच्या युनिटचे पैसे भरावे लागतात, आणि महिन्याचा वापर २०० युनिटच्या वर गेला की पूर्ण बिल आपल्या खिशातून. मागची दोन-तीन बिलं काढून ही २९ युनिटं कुठे बसतात ते बघा, मगच दिवा घ्या. बसत नसतील तर दोनच कुंड्या ठेवून ३० वॅटवर भागवा.

वायरींगची काळजी आमच्या दृष्टीने मिरचीपेक्षा मोठी आहे. बोर्ड कुंडीच्या खाली कधीही नको. वायर आधी खाली झोळ घेऊन मग वर प्लगकडे जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. अर्थिंग नसलेल्या जुन्या घरांत आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. पाणी घालताना दिवा बंद करा.

माती आणि कुंडी

खानापूरची तांबडी माती शेतात उत्तम, कुंडीत मात्र ती दोन महिन्यांत आवळून बसते. अथणी-रायबागकडची काळी माती तर पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. घरात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, गांडूळखत एक भाग, भाताचं तूस किंवा परलाईट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) एक भाग असं मिश्रण करा. तूस गिरणीतून नाममात्र पैशात मिळतं, परलाईटसाठी जास्त पैसे घालवायची गरज नाही. ५ किलोचा कोकोपीटचा ठोकळा भिजून ६० ते ७० लिटर होतो. तो दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, त्यात मीठ असतं.

तरूला (पहिली दोन बीजपानं सोडून) चार खरी पानं आली की दहा इंची कुंडीत लावा. भोकं नसलेली शोभेची कुंडी नको.

पाणी

दिव्याखालची रोपं उजेडाअभावी जितकी मरत नाहीत, तितकी जास्त पाण्याने मरतात. वरची माती सुकलेली दिसली म्हणून पाणी घालू नका. पाणी घातल्याबरोबर कुंडी कडेला धरून एकदा उचला, ते वजन हाताला लक्षात राहू द्या. रोज उचलून बघा. ती चटकन, हलकी उचलली गेली त्या दिवशीच पाणी घाला, तेही खालच्या भोकांतून थोडं निथळेपर्यंत. बशीत साठलेलं पाणी ओतून टाका. जुलैत चार-चार दिवस पाणी लागणार नाही, मार्चमध्ये रोज लागेल, त्यामुळे वार ठरवून पाणी घालू नका.

बेळगाव शहरात राकसकोपचं नळपाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवून वापरा. पूर्वेकडच्या तालुक्यांत बोअरचं पाणी बहुतेक क्षारयुक्त असतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागला की तेच कारण. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी पिंपात धरलंत तर मिरचीला त्याहून चांगलं काही नाही. पहिल्या सरींचं धुळकट पाणी मात्र सोडून द्या.

खत

पहिले तीन-चार आठवडे काहीही नको, गांडूळखत पुरतं. नंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं पाण्यात विरघळणारं खत) अर्धा ग्रॅम प्रति लिटर, आठवड्यातून एकदा. रोप चांगलं धरलं की एक ग्रॅम. कोकोपीटमध्ये चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, कमतरता येते आणि मिरचीचं टोक काळं पडून कुजतं. त्यासाठी कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम प्रति लिटर, पण वेगळ्या दिवशी. दोन्ही एकाच बाटलीत घट्ट कालवलं तर तळाशी पांढरा गाळ बसतो आणि तो झाडाच्या उपयोगाचा राहत नाही. ‘फुलं वाढवणारं’, ‘जादुई’ अशी नावं असलेल्या बाटल्या आम्ही ठेवत नाही.

फुलं आली, मिरची धरेना

घरात वारा नाही, माशी नाही. मिरचीच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात, फक्त पराग हलायला हवा. दुपारी फांदीला बोटाने हलकेच टिचकी मारा, किंवा लहान पंखा मंद लावून ठेवा. पंख्याने पानांवरचा दमटपणाही उडतो, आणि पावसाळ्यात बुरशीवरचा तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे. खोली ३५ अंशांच्या वर गेली किंवा रात्री १५ च्या खाली उतरली तर फुलं गळतात. त्यात तुमची चूक नसते, हवा सुधारली की पुन्हा धरतात.

तंबाखूचे हात

हे निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडच्या ग्राहकांसाठी खास. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकून राहतो आणि मिरची-टोमॅटोला हाताने लागतो. पानांवर फिकट-गडद ठिपके, पान आक्रसलेलं, वाढ खुंटलेली दिसते, आणि त्याला औषध नाही, रोप उपटून टाकावं लागतं. घरात विडी वळली जात असेल, कुणी तंबाखू मळत असेल, मशेरी लावत असेल, तर रोपाला हात लावण्याआधी साबणाने चांगले हात धुवा. कात्रीही धुवा. तंबाखूचं पाणी कीडनाशक म्हणून मिरचीवर फवारायचा जुना उपाय घरात करू नका.

पान चुरडून वर वळलं तर आधी उलटं करून भिंगाने बघा. फुलकिडे असतील तर बारीक, लांबट, पळणारे दिसतात. खाली वळलेलं, मागून तांबूस चमकणारं पान बहुधा कोळी किडीचं (माईटचं) असतं. दोन्हींवर निंबोळी तेल ५ मिली प्रति लिटर, थोडा साबण घालून, रात्री दिवा बंद झाल्यावर, पानाच्या मागच्या बाजूने फवारा. आठवड्याने पुन्हा. पिवळे चिकट सापळे रॅकवर आधीपासूनच टांगून ठेवा.

अडचण घेऊन दुकानात येताना फक्त फोटो आणू नका. दिव्याच्या जांभळ्या किंवा पिवळ्या उजेडात काढलेल्या फोटोत पानाचा रंग खरा येत नाही. दोन पानं, एक वरचं आणि एक खालचं, कोरड्या कागदात गुंडाळून आणा. मोझॅकची शंका असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणा आणि काउंटरवर उघडण्याआधी तसं सांगा. सोबत शेवटचं पाणी कधी घातलं, दिवा किती उंचीवर आहे आणि किती तास चालतो, एवढं लिहून आणलंत की निम्मं उत्तर तिथेच मिळतं. तपासायचे पैसे घेत नाही. हेच पत्रक कन्नडमध्येही दुकानात ठेवलं आहे, शेजाऱ्यांसाठी हवं असेल तर न्या.