डिफरन्शियलची परीक्षा (ट्रक)

ट्रकच्या मागच्या ॲक्सलमधील डिफरन्शियलची (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दातेरी जोडणीची) झीज कुठे व किती झाली आहे, आणि त्या ॲक्सलवरचे सेन्सर खरे सांगतात की नाही, हे ऑईल, आवाज, हाताला लागणारा प्ले (ढिलेपणा) आणि मीटर यांवरून ठरवण्याची गॅरेजमधील पद्धत.

प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या दांड्याचा) जोर टेल पिनियन या छोट्या दातेरी चाकामार्फत क्राउन या मोठ्या दातेरी चाकाला मिळतो. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर तोडते. हा फरक आतले छोटे गिअर, म्हणजे सन गिअर व स्टार पिनियन, सांभाळतात. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घासत असल्याने त्यांना जीएल-५ (जास्त दाबाच्या गिअरसाठीच्या) दर्जाचे, बहुधा ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० जाडीचे ऑईल लागते.

गोव्यात या परीक्षेचा संबंध विशेषतः खनिजवाहू टिपरांशी येतो. सांगे, सावर्डे, उसगाव, डिचोली, साखळी या पट्ट्यातील लोहखनिज टिपरमधून मांडवी-झुआरीकाठच्या जेटींवर आणि तिथून बार्जने मुरगावला जाई. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये बंदी उठली, पण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १६ मार्च २०१८ पासून त्या पुन्हा बंद पडल्या. असंख्य टिपर दारात उभे राहिले. उभ्या गाडीचे डिफरन्शियल वेगळ्या तऱ्हेने खराब होते. ऑईल तळाला बसते, क्राउनचा आणि बेरिंगांचा वरचा भाग उघडा पडतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्यावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. गाडी पुन्हा भाराने चालू लागली की याच खड्ड्यांपासून पोलाद पापुद्र्यांनी सुटते. म्हणून बराच काळ उभा राहिलेला टिपर रस्त्यावर काढण्याआधी ऑईल बदलणे आणि निघालेले ऑईल नीट पाहणे अत्यावश्यक मानावे.

ऑईल गरम असताना ड्रेन प्लग काढतात. प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज होय. तो चिमटीत चोळून पाहावा: बोटांना खरखर लागली, चकत्या किंवा टोकदार तुकडे सापडले, तर बेरिंग किंवा दात सुटू लागले आहेत. चुंबकाला न चिकटणारी पिवळसर चमक ऑईलमध्ये दिसली तर ती बहुधा थ्रस्ट वॉशरची (गिअरमागच्या चकतीची) असते. दुधाळ ऑईल म्हणजे पाणी शिरले. ब्रीदर (आतली हवा ये-जा करू देणारे छिद्र) चिखलाने बुजलेला असताना गरम हाउसिंग (डिफरन्शियलची बाहेरची पेटी) ओहोळात उतरले, की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. तांबड्या चिखलाच्या मुलखात ब्रीदर साफ ठेवण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

आवाजाची खूण चढ-उतारावर चांगली कळते. अनमोड किंवा चोर्ला घाट त्यासाठी पुरेसा आहे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर हुंकार बदलत असेल तर क्राउन-पिनियनची पकड किंवा पिनियन बेरिंग तपासावे. फक्त वळणावर कटकट येत असेल तर स्टार पिनियन. गिअर टाकताच ठोका बसला तर लगेच डिफरन्शियल खोलू नये. आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांध्यांतले चौफुली तुकडे) हलवून पाहावेत. खोलल्यावर मात्र बॅकलॅश (क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक) डायल गेजनेच मोजावा. अंदाजाने शिम (मोकळीक जुळवणाऱ्या पातळ चकत्या) घालणे हे नवे क्राउन-पिनियन वाया घालवण्यासारखे आहे.

काही पिकअप व हलक्या ट्रकांत वेगाचा सेन्सर डिफरन्शियलच्या हाउसिंगवरच असतो. त्याच्या चुंबकी टोकाला धातूचा कीस चिकटला की सिग्नल बिघडतो आणि एबीएसचा (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो. अशा वेळी नुसता सेन्सर बदलून गाडी सोडणे चुकीचे; कीस कुठून आला हे शोधलेच पाहिजे. अवजड ट्रकांत सेन्सर चाकाजवळ असतो. तिथे हब बेरिंग ढिले झाले की डगमगणारी टोन रिंग (चाकाबरोबर फिरणारी दातेरी कडी) सेन्सरला मागे ढकलते, अंतर वाढते आणि कमी वेगात सिग्नल तुटतो. कॉइलच्या सेन्सरचा रोध बहुधा ९०० ते २००० ओहम भरतो. चाक उचलून दोन सेकंदांत एक फेरा या गतीने हाताने फिरवले असता सुमारे ०.२ व्होल्ट एसी मिळायला हवा. रोध बरोबर आणि व्होल्ट कमी, तर आधी बेरिंगचा प्ले पाहावा, मग सेन्सर रिंगला टेकेपर्यंत आत सरकवावा. खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, त्याही उघडून पाहाव्यात.

डिफ-लॉकचा (दोन्ही चाके एकत्र जखडणाऱ्या सोयीचा) दिवा विझत नसेल तर दोष स्विचचा की खरोखर अडकलेल्या फोर्कचा (लॉक सरकवणाऱ्या काट्याचा), हे ठरवावे लागते. पुढच्या चाकांना ठोकळे लावून, मागची दोन्ही चाके उचलून, हँडब्रेक सोडून, इंजिन बंद ठेवून गिअर टाकावा आणि एक चाक फिरवावे. दुसरे चाक उलट फिरले तर लॉक सुटलेले आहे, स्विच बदलावा. दोन्ही अडून राहिली तर लॉक आतच आहे. तशी गाडी डांबरी रस्त्यावर नेऊ नये.